मधुमेहींच्या डोळ्यांतील नको असलेली वाढ



नको असलेली वाढ म्हणजे काय, हें वाशीम जिल्ह्यांतील शेतकऱ्यास सांगावयास नको. श्रावणांत सोयाबीन-तुरीच्या ओळींत तण माजतें. मधुमेही माणसाच्या डोळ्यांतहि असेंच कांहींसें घडतें.

रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली, म्हणजे पेशींत प्राणवायूचे उपद्रवी, अतिक्रियाशील अंश सांचतात आणि दृष्टिपटलाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांस इजा करितात. वाहिन्या बुजल्या, कीं पटलास प्राणवायु अपुरा पडतो. मग तें नव्या वाहिन्या वाढविणारें एक प्रथिन सोडूं लागतें. असा कांहीं पदार्थ असावा, हा तर्क मायकेलसन यांनीं १९४८ मध्येंच केला होता. १९८९ मध्यें त्या वृद्धि-घटकाची ओळख पटली, आणि १९९४ मध्यें तो मधुमेहींच्या डोळ्यांतील द्रवांत आढळला. शरीराचा हेतु चांगला, पण नव्या वाहिन्या इतक्या नाजूक कीं त्या फुटतात, डोळ्यांत रक्त उतरतें व दृष्टि जाऊं शकते. नवल असें, कीं त्याच रोग्याच्या पायाच्या चिघळलेल्या जखमेंत हाच घटक पुष्कळदां अपुरा पडतो!

आरंभीं डोळा दुखत नाहीं, अक्षरहि स्वच्छ दिसतें. म्हणून प्रौढपणीं मधुमेह झाल्याचें कळतांच, व पुढें दरवर्षीं, बाहुली मोठी करून पटल तपासून घ्यावें. हंगामाच्या धांदलींत हें काम मागें पडतें, याची मला जाणीव आहे. आज त्या घटकास रोखणारें औषध डोळ्यांत टोंचतां येतें. मात्र पटल एकदां फार बिघडलें, कीं त्या औषधाचा उपयोग थोडाच.