मणके जोडण्याची शस्त्रक्रिया : निर्णयापूर्वीचा विचार



"मणक्यात गॅप आहे, स्क्रू बसवावे लागतील," हे वाक्य हल्ली घरोघरी ऐकू येते. कमरेचे दोन वा अधिक मणके कायमचे एकसंध करणारी ही शस्त्रक्रिया १९११ साली न्यूयॉर्क येथे हिब्ज व आल्बी या शल्यविशारदांनी मणक्याच्या क्षयरोगासाठी केली. आज ती प्रामुख्याने सरकलेल्या, अस्थिर झालेल्या मणक्यांसाठी होते. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्क्रू व सळ्या मणके केवळ धरून ठेवतात. हाड जुळवते ते शरीरच, आणि त्यास सहा महिने ते वर्षभर लागते. म्हणून शल्यविशारदाच्या कौशल्याइतकीच रुग्णाच्या देहाची पूर्वतयारीही महत्त्वाची ठरते.

केवळ जुनाट कंबरदुखीसाठी ही शस्त्रक्रिया करावी काय? २००१ च्या स्वीडनमधील अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ६३ टक्के, तर इतर उपचार घेतलेल्यांपैकी २९ टक्के रुग्णांनी आपल्याला पूर्वीपेक्षा बरे वाटत असल्याचे सांगितले. पण २००५ साली ब्रिटनमध्ये ३४९ रुग्णांची तुलना नेटाने करून घेतलेल्या व्यायामोपचाराशी केली, तेव्हा दोहोंतील अंतर फारच थोडे निघाले. शीर दबल्यामुळे पाय दुखत असतील, तर २०१६ चा स्वीडिश अभ्यास सांगतो की, नुसती जागा मोकळी करणे आणि सोबत मणकेही जोडणे यांत दोन वर्षांनी फरक उरला नाही. तेव्हा "जोडणे आवश्यक का?" हा प्रश्न डॉक्टरांना निःसंकोच विचारावा. लघवी-शौचावरील ताबा सुटला किंवा पायातील शक्ती झपाट्याने गेली, तर मात्र चर्चेत वेळ न दवडता त्वरित रुग्णालय गाठावे.

धोक्यांपैकी धूम्रपान अग्रभागी आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात धूम्रपान न करणाऱ्यांपैकी १४ टक्क्यांचे, तर शस्त्रक्रियेनंतरही ते चालू ठेवणाऱ्यांपैकी २६ टक्क्यांहून अधिक रुग्णांचे हाड जुळले नाही. तंबाखू-मिश्रीतही निकोटिन असतेच. अनियंत्रित मधुमेहाने जखमेत जंतुसंसर्ग होतो, ठिसूळ हाडात स्क्रू सैल होतात. दीर्घकालीन नैराश्य असल्यास शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या उत्तम होऊनही वेदना उरते. याविषयी आपण फार कमी बोलतो. शिवाय जोडलेल्या भागाशेजारच्या मणक्यांवर ताण वाढून काहींना पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागते.

आता आपल्या आचाराविषयी. शाकाहारात बी-१२ जीवनसत्त्व मुख्यतः दुधातूनच मिळते. त्याच्या कमतरतेने पायांना मुंग्या येतात, आणि वयपरत्वे एमआरआयमध्ये काही ना काही दिसतेच. मग दोष मणक्यावर जातो. शस्त्रक्रियेपूर्वी बी-१२ व ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी. ड-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून, तर कॅप्सूलचे आवरण बऱ्याचदा जिलेटिनचे असते. वनस्पतिजन्य पर्याय मिळतात, ते मागावेत. हाडाचा भराव शक्यतो रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून घेता येतो. काही कृत्रिम भराव प्राणिजन्य कोलॅजनयुक्त, तर काही केवळ खनिजांचे असतात. रक्तस्राव थांबवणारा स्पंजही जिलेटिनचा असू शकतो. ज्यांना हे व्रताच्या दृष्टीने महत्त्वाचे वाटते, त्यांनी आदल्या रात्री नव्हे, पहिल्याच भेटीत सांगावे.

पर्युषण वा दशलक्षण पर्वातील दीर्घ उपवास शस्त्रक्रियेच्या लगतच्या महिन्यांत नकोत; हाड जुळण्यास प्रथिने लागतात. मधुमेहाची औषधे घेऊन उपवास केल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरते. चौविहार पाळणाऱ्यांनी रात्रीच्या गोळ्यांच्या वेळा बदलता येतील काय, ते डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे. सामायिकाचे अठ्ठेचाळीस मिनिटे खुर्चीवर बसून करण्यास काही काळ गुरुजनांची संमती घ्यावी. मांडी घालून बसण्याची परवानगी शल्यविशारदच देतील.

आपल्या शंका आता अवश्य विचाराव्यात. ज्यांनी रिपोर्ट सोबत आणले आहेत, त्यांचे रिपोर्ट सभेनंतर पाहू.