गोधडीचा काटकोन

तंजावरकडील रथोत्सवात रथाच्या चौकटीला रंगीत कापडाची लांब नळकांडी लोंबत असतात. त्यांना 'तोंबै' म्हणतात. देवावरील कापडी छताला तेथील कारागीर 'अस्मानगिरी' म्हणतात. हा फारसी शब्द जुन्या मराठीतही याच अर्थाने रूढ होता. २०१५ मध्ये सुमारे शंभर वर्षांच्या खंडानंतर बृहदीश्वराचा रथ तंजावरच्या रस्त्यांवर पुन्हा निघाला. रथ पाहणाऱ्याचे लक्ष रंगांकडे जाते. परंतु तोंबैचे कापड काटकोनात कापलेले नसेल, तर त्याच्या कडा जुळत नाहीत आणि नक्षी शिवणीपाशी पायरीसारखी तुटते.

आपल्या गोधडीचेही तेच आहे. तुकडे जोडून चौकट शिवताना दोरा कापडाला ओढतो. तिरकी कापलेली कड हाताच्या ओढीनेही ताणते. म्हणून आरंभी अचूक कापलेली चौकटही शिवल्यावर वाकडी होते. तिला छाटावयाचे ते शिवून झाल्यावरच. प्रथम इस्त्री करावी. ती फिरवू नये, ठेवून उचलावी. मग चौकटीचा मध्य ठरवून तेथून चारी बाजूंना माप टाकावे. तयार चौकट १२ इंचांची हवी असल्यास शिवणीसाठी प्रत्येक बाजूस पाव इंच धरून ती साडेबारा इंचांची छाटावी. सुताराचा गुण्या लावून आधी लगतच्या दोन कडा कापाव्यात. मग चौकट फिरवून त्या कापलेल्या कडांपासून माप घेऊन उरलेल्या दोन छाटाव्यात. शेवटी दोन्ही कर्ण मोजावेत. चारी बाजू समान असूनही कर्ण समान नसतील, तर ती चौकट चौरस नव्हे. नक्षीची टोके कडेपासून पाव इंच आत राहिली पाहिजेत. नाही तर शिवण त्यांना गिळून टाकते.

एका सुताची, म्हणजे अष्टमांश इंचाची चूक क्षुल्लक वाटते. पण आठ चौकटींच्या रांगेत प्रत्येक चौकट तेवढी वाढली, तर रांग पुरी एक इंच लांब होते आणि शेजारच्या रांगेशी तिचे जमत नाही. एखादी चौकट लहान भरली, तर तिला ओढून मोठी करू नये. बाकीच्याच तिच्या मापाला आणाव्यात.

येथेच गृहिणीचा हात अडखळतो. आईच्या लुगड्याचा किंवा वडिलांच्या धोतराचा तुकडा कापावयाचा म्हणजे आठवण कापण्यासारखे वाटते. परंतु ती आठवण टिकावयाची, तर शिवण टिकली पाहिजे. आणि वाकड्या चौकटीची ओढाताण धुण्यागणिक शिवणीवरच पडते. दोन सूत कापड गमावून जी गोधडी सपाट अंथरली जाते, तीच पुढच्या पिढीच्या अंगावर पोहोचते.