वेच्यांची वही
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात चार शब्द बोलण्याची संधी आम्हां शहपुरेकरांना दिलीत, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. जबलपूरच्या मानाने आमचे गाव लहान, आणि त्यात आम्ही मराठी कुटुंबे अगदी मोजकी. रेल्वेच्या पाटीवरसुद्धा नाव दिसते ते भिटोनीचे. मंडळाच्या पन्नास वर्षांच्या कार्याचे मूल्यमापन करण्याचा अधिकार आम्हांला नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते एका वहीविषयी.

या वहीचा जन्म अडचणीतून झाला. मंडळाच्या ग्रंथालयातून आणलेले पुस्तक पंधरवड्यात परत करावे लागे. मराठी पुस्तके विकत मिळण्याची सोय गावात नव्हती. पुस्तक परत जाई. पण त्यातला मनात भरलेला उतारा जाऊ द्यावासा वाटत नसे. म्हणून एका शंभरपानी वहीत असे वेचे उतरवून ठेवण्याचा प्रघात पडला. वही आठ दिवस एका घरी, आठ दिवस दुसऱ्या घरी अशी फिरे. तीत तुकोबांच्या अभंगाशेजारी खांडेकरांचे वाक्य आहे, साने गुरुजींच्या उताऱ्यानंतर बहिणाबाईंच्या ओळी आहेत, आणि मध्येच एका पानावर डिंकाच्या लाडवांचे प्रमाणही आहे. ते कोणी लिहिले हे सर्वांना ठाऊक आहे. पण ते पान फाडण्याचे धैर्य आजवर कोणी केलेले नाही, कारण ते प्रमाणही अचूक आहे.

आवडलेली वाक्ये उतरवून घेणे हा रिकामपणाचा उद्योग आहे, असे कित्येकांना वाटते. परंतु आपल्या वाङ्मयाच्या इतिहासाकडे पाहिले तर निराळे चित्र दिसते. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ हा अनेकांच्या गाथांचा संग्रहच आहे. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी १८५४ साली ‘नवनीत’ सिद्ध केले, तेही मराठी कवितांच्या वेच्यांचेच पुस्तक. मोरोपंत आणि वामनपंडित कित्येक पिढ्यांना प्रथम भेटले ते या ‘नवनीता’तून.

याहून जवळचे उदाहरण आमच्या वाटेवरच आहे. शहपुऱ्याहून जबलपूरकडे येताना तेवर लागते. हीच कलचुरींची त्रिपुरी. त्यांच्या कोरीव लेखांचे संपादन नागपूरच्या महामहोपाध्याय मिराशींनी केले. तो ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. दहाव्या शतकात या त्रिपुरीत, युवराजदेवाच्या दरबारी, राजशेखर हा कवी होता, आणि त्याची ‘विद्धशालभञ्जिका’ ही नाटिका तेथेच रंगली. या राजशेखराचा पणजोबा अकालजलद. त्याचा उल्लेख राजशेखर ‘महाराष्ट्रचूडामणी’ असा करतो. पणजोबा महाराष्ट्राचा, आणि पणतू आधी कनौजला व मग नर्मदाकाठी! बंधुभगिनींनो, या सभागृहात अशी किती घराणी बसली आहेत, हे आम्ही सांगावयास नको. सुमारे हजार वर्षांपूर्वी या भागात येऊन राहिलेला हा आपला एक बिऱ्हाडकरूच म्हणावयाचा.

त्याच्या श्लोकांचा पुढचा प्रवास पाहण्यासारखा आहे. इ. स. ११०० च्या सुमारास बंगालमधील जगद्दल विहारात विद्याकर नावाच्या पंडिताने ‘सुभाषितरत्नकोश’ हा संग्रह केला. त्याने ज्यांचे श्लोक मोठ्या संख्येने घेतले, त्यांत राजशेखर आहे. १२५८ साली देवगिरीला, यादवांच्या राज्यात, जल्हणाच्या नावाने ‘सूक्तिमुक्तावली’ तयार झाली. तीतही राजशेखराला स्थान आहे. महाराष्ट्रातून निघालेल्या घराण्याचे शब्द अशा रीतीने महाराष्ट्रात परत पोहोचले, आणि ते पोहोचविले कोणा वेचे जमविणाऱ्याने. विद्याकराच्या संग्रहाचे ताडपत्र तिबेटातील एका मठात टिकून राहिले. पुढे गोव्यात जन्मलेले गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी आणि पुण्याचे वासुदेव विश्वनाथ गोखले यांनी त्याचे संपादन केले व १९५७ साली ते हार्वर्डच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. सतराशेहून अधिक श्लोकांच्या या संग्रहात असे कितीतरी कवी आहेत, की ज्यांचे अन्य काहीही आज उपलब्ध नाही. कोणा एकाने आवडीने उतरवून ठेवले, एवढ्यावर ते जगले.

आता एक कबुली द्यावयाची आहे. एका आषाढी एकादशीला मंडळाच्या फलकावर लिहिण्यासाठी आम्ही वहीतले एक वाक्य दिले. खाली ज्ञानेश्वरांचे नाव होते. कार्यक्रम संपल्यावर एका वृद्ध सभासदांनी आम्हांला बाजूस घेऊन विचारले, “ही ओवी कोणत्या अध्यायातली?” आम्ही घरी येऊन अठराही अध्याय चाळले. ती ओवी कोठेही नव्हती. ती कोणाची होती, हे आम्हांला आजतागायत कळलेले नाही. ज्याने ती लिहिली त्याचे नाव आमच्या हातून पुसले गेले, आणि ज्याने लिहिली नाही त्याच्या माथी ती मारली गेली. त्या दिवशी आम्हांला फार ओशाळे वाटले.

तेव्हापासून वहीचा नियम बदलला. वेच्याखाली ग्रंथाचे नाव, लेखकाचे नाव, पृष्ठांक आणि उतरवून घेणाराचे नाव असल्याखेरीज पान पुरे झाले असे आम्ही मानीत नाही. विद्वानांनाही ही काळजी चुकलेली नाही. भर्तृहरीच्या नावावर चालणारे श्लोक तपासताना कोसंबींनी शेकडो हस्तलिखिते पाहिली, आणि सर्व परंपरांत समान असे सुमारे दोनशेच श्लोक त्यांना आढळले. आज तर हातातल्या फोनवर रोज सकाळी सुविचार येतो. त्याखाली कोणत्याही थोर पुरुषाचे नाव असते, आणि तो दहा जणांकडे धाडण्यास क्षणही लागत नाही. लेखणीने लिहिताना निदान हात थांबतो. आणि हात थांबला की प्रश्न सुचतो.

दुसरी गोष्ट मुलांची. आमची मुले हिंदी माध्यमात शिकली. नातवंडे इंग्रजीत शिकतात. नागरी लिपी त्यांना येते, म्हणून मराठी अक्षर ती वाचतात. अडखळतात ती ‘ळ’पाशी. गेल्या वर्षी आमच्यातील एका घरच्या आजी निवर्तल्या. त्यांची नात वही चाळू लागली. शब्द लागत होते, अर्थ लागत नव्हता. मग तिने शेजारच्या काकूंना एकेक ओळ विचारावयास आरंभ केला. आजीने अमुकच उतारा का बरे उतरविला असेल, हा तिचा खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर काकूंपाशीही नव्हते. आम्ही ग्रंथ, लेखक, पृष्ठ सारे लिहिले. पण हे आपल्याला का आवडले, हे लिहावयाचे राहून गेले. आता त्या पानांखाली दोन मोकळ्या ओळी ठेवल्या जातात.

म्हणून या महोत्सवात आमची एकच विनंती आहे. प्रत्येक घराने मंडळाच्या ग्रंथालयास एक पान द्यावे. आपल्या हस्ताक्षरात एक वेचा, त्याचे ठिकाण, आणि तो आपल्याला का जवळचा वाटला याच्या दोन ओळी, एवढेच त्यावर असावे. ही पाने एकत्र बांधली तर शंभराव्या वर्षी येथे जमणाऱ्यांना, पहिली पन्नास वर्षे आपण कोणते शब्द उराशी धरून राहिलो, हे कळेल. शहपुऱ्याच्या घरांची पाने आम्ही आज बरोबर आणली आहेत. ती अध्यक्षमहोदयांच्या हाती सुपूर्द करतो आणि आपली रजा घेतो.