उसन्या सुरांचें स्वत्व

कांहीं ध्वनिमुद्रिका अशा असतात कीं, त्या प्रथम कानांवर पडल्या म्हणजे आपण त्यांच्याविषयीं चटकन एक मत बनवितों, आणि पुढें पुष्कळ दिवस त्या मताची लाज वाटत राहते. तात्सुरो यामाशिता या जपानी गायकांच्या 'फॉर यू' नामक ध्वनिमुद्रिकेसंबंधीं माझें असेंच झालें. एका तरुण आप्तानें ती मला ऐकविली. पहिलें गाणें संपतांच मी म्हणालों, "छान आहे, पण हें अमेरिकेचें संगीत झालें. भाषेखेरीज यांत जपानचें असें काय आहे?" तो हंसला आणि म्हणाला, "काका, आणखी चार वेळां ऐका आणि मग सांगा." मीं ती चारांहून पुष्कळ अधिक वेळां ऐकली. आज आपणांपुढें बोलावयास बसलों आहें, तो त्या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं. आणि माझें पहिलें उत्तर चुकलें होतें हें कबूल करण्यासाठीं.

ही ध्वनिमुद्रिका २१ जानेवारी १९८२ रोजीं जपानांत प्रसिद्ध झाली. ज्या संगीतप्रकारांत तिची गणना होते, त्याला 'सिटी पॉप', म्हणजे महानगरी सुगम संगीत, असें म्हणतात. हा कोणा शास्त्रकारानें नियम घालून बांधलेला प्रकार नव्हे. १९७० नंतरच्या दहापंधरा वर्षांत टोकियोंतील कांहीं तरुण संगीतकारांनीं अमेरिकेंतून आलेले ठेके, स्वरसंगति आणि वाद्यमेळ जपानी शब्दांना जोडले. त्यांतून जें निर्माण झालें, त्याला हें नांव चिकटलें.

या उसनवारींत तीन प्रवाह मुख्य आहेत. पहिला 'सोल'. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचें चर्चमधील भक्तिगायन जेव्हां चर्चच्या बाहेर पडून माणसामाणसांच्या प्रेमाविषयीं बोलूं लागलें, तेव्हां हें संगीत जन्मास आलें. मुख्य गायकानें आर्त साद घालावी आणि साथीच्या गायकांनीं तिला प्रतिसाद द्यावा, ही त्याची रीत. दुसरा 'फंक'. १९६० नंतरच्या दशकांत जेम्स ब्राऊन यांनीं त्याला रूप दिलें. चार मात्रांच्या आवर्तनांत पहिल्या मात्रेवर सर्वांनीं मिळून जोर द्यावयाचा, हें त्याचें मर्म. आपल्याकडे सम जशी गवयाला आणि तबलजीला एकत्र ओढून आणते, तसें कांहींसें येथें घडतें. फरक एवढाच कीं, येथें गिटार, बास आणि शिंगें हीं सारींच वाद्यें तालवाद्यांचें काम करूं लागतात. तिसरा प्रवाह 'डिस्को'चा. चारही मात्रांवर मोठ्या ढोलाचा सारखा ठोका, त्यावर व्हायोलिनांचा झुळझुळता पदर, आणि नाचणाराचे पाय थांबूं नयेत ही एकच काळजी.

हे प्रवाह जपानच्या किनाऱ्याला कसे लागले? याचें एक उत्तर आपणां नभोवाणीच्या श्रोत्यांना आवडण्यासारखें आहे. दुसरें महायुद्ध संपल्यावर जपानांत अमेरिकी सैन्याचे तळ पडले आणि त्या सैनिकांसाठीं इंग्रजी ध्वनिक्षेपण सुरू झालें. लष्करी तळाला तारेचें कुंपण घालतां येतें, पण ध्वनिलहरींना तें घालतां येत नाहीं. सैनिकांच्या करमणुकीसाठीं लावलेलीं गाणीं शेजारच्या वस्तींतील मुलांच्या कानीं पडूं लागलीं. १९५३ सालीं टोकियोंत जन्मलेले यामाशिता त्या मुलांपैकींच एक. ज्या भाषेंतील शब्द पुरतेपणीं कळत नव्हते, त्या भाषेंतील गाण्यांवर या पिढीचें मन जडलें.

१९७३ सालीं त्यांनीं 'शुगर बेब' नांवाचा वाद्यवृंद उभारला. तायेको ओनुकी या पुढें नांवाजलेल्या गायिका त्यांत होत्या. १९७५ सालीं 'सॉंग्ज' ही त्यांची एकुलती एक ध्वनिमुद्रिका निघाली आणि दुसऱ्याच वर्षीं वृंद मोडला. १९७६ मध्येंच यामाशिता यांनीं एकट्याच्या नांवावर 'सर्कस टाऊन' काढली. तिच्यासाठीं ते अमेरिकेस गेले. अर्धीं गाणीं न्यूयॉर्कमध्यें आणि अर्धीं लॉस एंजेलिसमध्यें ध्वनिमुद्रित झालीं. न्यूयॉर्क येथील गाण्यांची वाद्ययोजना चार्ल्स कॅलेलो या अमेरिकी संयोजकाची होती. म्हणजे ज्या विहिरीचें पाणी आवडलें, तिच्या कांठीं जाऊनच तें प्यावें, असा हा निश्चय होता. परंतु त्यानें लगेच यश लाभलें नाहीं. १९७८ च्या 'गो अहेड!' मधील 'बॉम्बर' हें फंकचें गाणें ओसाकाच्या नृत्यगृहांतून गाजलें, आणि १९८० सालीं ध्वनिफितींच्या एका जाहिरातींतून 'राइड ऑन टाइम' हें गाणें घराघरांत पोंचलें. दोन वर्षांनीं 'फॉर यू' आली, तेव्हां ते एकोणतिशीच्या उंबरठ्यावर होते.

आतां प्रत्यक्ष ध्वनिमुद्रिकेकडे वळूं. तिचें पहिलें गाणें 'स्पार्कल'. प्रारंभीं एकटी गिटार वाजते. आपण गिटारीपासून सुरावटीची अपेक्षा करतों. येथें उजव्या हाताचे तोडलेले, कोरडे, जलद झटके ऐकूं येतात. तार छेडावयाची आणि ती गुंजत राहण्यापूर्वींच दाबावयाची, हें त्या वादनाचें तंत्र. अशा रीतीनें प्रत्येक झटका सुराबरोबर तालही देतो. क्षणभरानें ढोल आणि बास येऊन मिळतात, मग शिंगें उजळतात, आणि पडदा बाजूला सारून कोणी खिडकी उघडावी तसें गाणें एकदम मोकळें होतें. ही गिटार स्वतः यामाशिता यांनीं वाजविली आहे. गाण्याचे शब्द मिनाको योशिदा या त्यांच्या सहकारी गायिकेचे आहेत, आणि तिचा आवाजही साथीला आहे.

ढोल वाजविणारे जुन आओयामा आणि बास वाजविणारे कोकी इतो ही जोडी १९८० च्या सुमारास यामाशिता यांच्याबरोबर आली होती. या साध्या माहितींत माझ्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे, हें मला फार उशिरां उमगलें. १९७६ सालीं जो ठेका ऐकण्यासाठीं त्यांना समुद्र ओलांडावा लागला, तो १९८२ मध्यें टोकियोंतील त्यांचे सोबती वाजवीत होते. आणि नुसता वाजवीत नव्हते, तर त्यांत त्यांची स्वतःची अशी एक शिस्त आली होती. अमेरिकी फंकमध्यें घाम असतो, आरडाओरडा असतो, नियम मोडण्याची धुंदी असते. येथें ठोका तितकाच जबर आहे, पण प्रत्येक वाद्याची जागा इतकी नेमकी कीं, कोठें एक कणही सांडलेला नाहीं. कोणी म्हणेल, हा दोष आहे. यानें ऊब कमी झाली. मला तसें वाटत नाहीं. नक्कल करणारा मूळाच्या खुणा मोठ्या करून दाखवितो. येथें त्या खुणा विरून गेल्या आहेत.

दुसऱ्या बाजूवरील 'लव्हलँड, आयलंड' हें उष्ण कटिबंधांतील बेटाची आठवण देणारें गाणें बिअरच्या जाहिरातीसाठीं वापरलें गेलें. 'लव्ह टॉकिन्' मध्यें बासचा एकच घाट फिरफिरून येतो आणि त्याच्यावर आवाज चढत जातो. 'हे रिपोर्टर!' हें तर खाजगी आयुष्याचा पाठलाग करणाऱ्या बातमीदारांवर चिडून लिहिलेलें. रागाला फंक किती शोभतो हें तेथें पाहावें. 'फुतारी', म्हणजे 'दोघें', हें गाणें संथ आहे, आणि सोलची आर्तता त्यांत सर्वांत स्पष्ट ऐकूं येते. 'मॉर्निंग ग्लोरी' प्रथम १९८० सालीं मारिया ताकेउची यांनीं गाइलें होतें. १९८२ मध्येंच त्यांचा व यामाशिता यांचा विवाह झाला. शेवटचें 'युअर आइज' इंग्रजींत असून त्याचे शब्द अॅलन ओ'डे या अमेरिकी गीतकाराचे आहेत.

आठ गाण्यांच्या मधून चार लहान आलाप विखुरलेले आहेत. त्यांत वाद्य नाहीं. अनेक गायकांचा समूह गात असावा असा भास मात्र होतो. वस्तुतः हे सारे आवाज एकट्या यामाशिता यांचे आहेत. एक आवाज मुद्रित करावयाचा, तो ऐकत दुसरा गावयाचा, मग तिसरा, असे थर रचून त्यांनीं तो समूह निर्माण केला. मला या जागीं नेहमीं थोडें गहिंवरून येतें. साद घालणारा एक आणि प्रतिसाद देणारी मंडळी, ही सोलची रीत मीं मघाशीं सांगितली. चर्चमध्यें ती मंडळी समोर बसलेली असते. येथें महानगरांतील एका बंद खोलींत माणूस आपल्याच सादेला आपणच ओ देत आहे.

याच्या वेष्टनावर एजिन सुझुकी यांनीं काढलेलें चित्र आहे: अमेरिकी धर्तीची इमारत, निळें आकाश, आणि सावलीलाही रंग असलेलें झगझगीत ऊन. जपानांत ही ध्वनिमुद्रिका उन्हाळ्याची म्हणून प्रसिद्ध आहे. पण ती निघाली जानेवारींत, ऐन थंडींत! शिवाय टोकियोचा खरा उन्हाळा दमट, घामट आणि असह्य असतो. तेव्हां या गाण्यांतला उन्हाळा कोणत्याच पंचांगांत सांपडावयाचा नाहीं. तो कल्पनेंतला आहे. नभोवाणीवर ऐकलेल्या दूरच्या समुद्रकिनाऱ्याचा आहे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. हें संगीत म्हणजे जपानच्या फुगलेल्या श्रीमंतीचें संगीत, असें आज सर्रास म्हटलें जातें. जमिनीच्या व शेअरांच्या किंमती तेथें भडकल्या, त्या १९८५ नंतर. १९८९ च्या अखेरीस बाजार शिगेला पोंचला आणि मग कोसळला. 'फॉर यू' त्याच्या कितीतरी आधींची आहे. तिच्यांत भरल्या पोटाचा ढेंकर नाहीं. उद्यां कांहीं चांगलें घडणार आहे, अशी वाट पाहणाऱ्या तरुणांचा तो सूर आहे. पुढें जें घडलें तें आपणांस ठाऊक आहे. म्हणूनच आज तीं आनंदी गाणीं ऐकतांना घशांत कांहींतरी अडकतें.

गेल्या कांहीं वर्षांत या संगीताला जगभर नवे श्रोते मिळाले. ताकेउची यांचें १९८४ चें 'प्लास्टिक लव्ह' हें गाणें २०१७ पासून इंटरनेटवर लक्षावधि लोकांनीं ऐकलें. त्याचें संयोजनही यामाशिता यांचेंच. गंमत अशी कीं, आपलीं गाणीं इंटरनेटवरील संगीतसेवांकडे सोंपविण्यास ते स्वतः तयार नव्हते. २०२२ मधील एका मुलाखतींतही त्यांनीं हें स्पष्टपणें सांगितलें. २०२३ सालीं 'फॉर यू' पुनः काळ्या तबकडीवर निघाली. आणि १९९२ पासून ते टोकियोच्या एका नभोवाणी केंद्रावरून आपल्या संग्रहांतील जुन्या तबकड्या लोकांना ऐकवीत आले आहेत. ज्या वाटेनें संगीत आपणांपर्यंत आलें, त्याच वाटेनें तें पुढें पोंचवावें, अशी ही परतफेड मला वाटते.

माझ्या त्या तरुण आप्तानें पुढें मला विचारलें, "काका, मग सांपडलें का यांत जपान?" मीं त्याला सांगितलें कीं, मी तें चुकीच्या जागीं शोधीत होतों. ठेका कोठून आला, हा प्रश्न हिशेबनिसाचा झाला. तो ठेका घेऊन माणसानें आपली कोणती तहान बोलून दाखविली, हा रसिकाचा प्रश्न. थंडीच्या दिवसांत बंद खोलींत बसून, न पाहिलेल्या उन्हाळ्यासाठीं एकाच गळ्यानें सबंध मंडळी उभी करणारा तो गायक कोणाची नक्कल करीत होता? श्रोतेहो, मला तरी अशी दुसरी मंडळी कोठें ऐकलेली आठवत नाहीं.