धक्का कुणाच्या खात्यावर?



सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या नोकरीत धक्के साधारण दोन वाटांनी येतात. कधी त्याच्या हातून काहीतरी मोठं बिघडतं. कधी त्याच्या हातून काहीच बिघडलेलं नसतं आणि तरीही एका सकाळी एचआरचा फोन येतो. या दोन्ही वेळी माणूस स्वतःला एकच गोष्ट सांगतो, की मीच कमी पडलो. आज मला या हिशेबाबद्दल बोलायचं आहे, कारण तो बहुतेक वेळा चुकीचा मांडलेला असतो आणि त्यापायी माणसं नोकरीपेक्षा बरंच काही गमावतात.

पहिल्या वाटेचं एक उदाहरण सविस्तर सांगतो. गिटलॅब नावाची एक कंपनी आहे. जगभरातले प्रोग्रामर आपला कोड तिथे ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ला त्यांच्या डेटाबेसवर स्पॅमचा मारा झाला आणि ताण वाढला. डेटाबेस एका मुख्य सर्व्हरवर आणि त्याची जुळी प्रत दुसऱ्या सर्व्हरवर, अशी त्यांची व्यवस्था होती. ही जुळी प्रत मागे पडली. ती नव्याने भरून घेण्यासाठी एक इंजिनिअर रात्री उशिरापर्यंत खटपट करत होता. काम थांबवायची वेळ केव्हाच होऊन गेली होती. दुसऱ्या सर्व्हरवरचं फोल्डर पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं, असं त्याने ठरवलं आणि पुसण्याची कमांड दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, की समोरची विंडो मुख्य सर्व्हरची आहे. त्याने कमांड थांबवली, पण तोवर सुमारे ३०० जीबीमधला साडेचार जीबी डेटा तेवढा उरला होता.

मग बॅकअपची शोधाशोध सुरू झाली. रोज आपोआप घेतला जाणारा बॅकअप जिथे साठायला हवा होता, ती जागा रिकामी निघाली. डेटाबेसची आवृत्ती नवी आणि बॅकअप घेणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा, त्यामुळे तो बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता. तो होत नाही असं कळवणाऱ्या ईमेल निघत होत्या, पण समोरचा मेल सर्व्हर त्या नाकारत होता. म्हणजे धोक्याची घंटा होती, वाजतही होती, फक्त कुणाच्या कानापर्यंत पोचत नव्हती. डिस्कची प्रत घेण्याची सोय होती, पण डेटाबेसच्या सर्व्हरसाठी ती चालूच केलेली नव्हती. एकामागून एक पाच उपाय तपासले गेले आणि त्यातला एकही भरवशाचा निघाला नाही. शेवटी उपयोगी पडली ती सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत. एका चाचणीसाठी कुणीतरी ती हाताने घेऊन ठेवली होती. आणि घेणारा होता तोच इंजिनिअर, ज्याने डेटाबेस पुसला होता.

लोकांचा कोड वाचला. सहा तासांतल्या बाकीच्या नोंदी मात्र गेल्या. सुमारे ५ हजार प्रोजेक्ट, तितक्याच कॉमेंट आणि ७०० नवी खाती, असा कंपनीने दिलेला अंदाज आहे. सेवा पुन्हा सुरू व्हायला साधारण अठरा तास लागले. या अठरा तासांत कंपनीने जे केलं, त्यासाठी मला ही घटना महत्त्वाची वाटते. त्यांनी दुरुस्तीचं काम यूट्यूबवर सर्वांना दाखवत केलं. काय बिघडलं, कधी बिघडलं, याची मिनिटामिनिटाची नोंद लोकांपुढे ठेवली. इंजिनिअरचं नाव अहवालात दिलं नाही आणि त्याची नोकरीही गेली नाही. पुढच्या सुधारणांच्या यादीत एक अगदी साधी गोष्ट होती. प्रत्येक सर्व्हरच्या विंडोत त्या सर्व्हरचं नाव ठळक आणि वेगळं दिसलं पाहिजे, म्हणजे मध्यरात्री थकलेल्या डोळ्यांनाही मुख्य कोणता आणि जुळा कोणता ते कळेल.

आता हिशेब मांडू. कमांड चुकीच्या जागी दिली, ही त्या माणसाची चूक. दोन सर्व्हर एकसारखे दिसत होते, बॅकअप परत आणून कुणी कधी तपासला नव्हता, इशाऱ्याच्या ईमेल हवेत विरत होत्या, एवढं नाजूक काम रात्री उशिरा चाललं होतं, यातलं त्याच्या एकट्याच्या खात्यावर किती घालायचं? माझ्या मते फार थोडं. त्याला घरी पाठवलं असतं तरी ती रिकामी जागा रिकामीच राहिली असती आणि पुढच्या माणसाच्या नशिबी तीच रात्र आली असती.

बरोबर चार आठवड्यांनी, २८ फेब्रुवारी २०१७ला, ॲमेझॉनच्या साठवणूक सेवेत असंच झालं. बिलिंगमधला दोष शोधताना कमांडमधली एक नोंद चुकली, ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर बंद झाले आणि अमेरिकेतल्या असंख्य वेबसाइट चार तासांच्या आसपास ठप्प झाल्या. तिथेही खुलाशात भर दिला गेला तो अवजार सुधारण्यावर. सर्व्हर हळूहळू बंद व्हावेत आणि ठरावीक संख्येच्या खाली जाऊच नयेत, अशी अट त्यात घातली गेली.

याहून वाईट घडलं ते अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली करणाऱ्या कंपनीत. १ ऑगस्ट २०१२ला त्यांनी आठ सर्व्हरवर नवा कोड टाकला. एक सर्व्हर राहून गेला आणि त्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड जागा झाला. बाजार उघडला आणि पाऊण तासात चव्वेचाळीस कोटी डॉलरच्या आसपास नुकसान झालं. बाजार उघडण्याआधी त्यांच्याच यंत्रणेने ९७ ईमेल पाठवल्या होत्या. त्या इशारा म्हणून कुणी वाचल्याच नाहीत. आठही सर्व्हरवर कोड पोचला की नाही, हे दुसऱ्या कुणी तपासावं अशी लेखी पद्धतच तिथे नव्हती. वर्ष संपायच्या आत ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होणार, हे ठरून गेलं.

आमच्या धंद्यात शहाणी मंडळी अशा प्रसंगानंतर एक बैठक घेतात. तिला पोस्टमॉर्टेमच म्हणतात. ती प्रामाणिकपणे झाली तर ज्याच्या हातून चूक झाली तोच त्या खोलीतला सर्वांत उपयोगी माणूस असतो, कारण त्या क्षणी त्याला काय दिसत होतं हे दुसरं कुणीच सांगू शकत नाही. त्याला भीती घातली की तो गप्प बसतो, आणि तो गप्प बसला की खरं कारण जमिनीखाली जातं. आपल्याकडच्या बऱ्याच प्रोजेक्टांवर या बैठकीचा पहिलाच प्रश्न असतो, "कुणी केलं?" हा प्रश्न विचारणाऱ्या मॅनेजरला पुढच्या वेळी बातमी सर्वांत शेवटी कळते.

मी मुलाखती घ्यायला बसतो तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतो. तुमच्या हातून प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या यंत्रणेत, काय बिघडलं, ते सांगा. पुष्कळ जण म्हणतात, "सर, माझ्याकडून तसं कधी झालं नाही." सोलापूरकडची एक मुलगी मात्र क्षणभर थांबली आणि म्हणाली, "झालंय सर. ग्राहकांना बिलाचे मेसेज दोनदा गेले." मग तिने सांगायला सुरुवात केली. मेसेज पाठवणारा प्रोग्राम मध्येच बंद पडला, तिने तो पुन्हा चालवला, आणि कुणाला मेसेज गेला याची नोंद सगळ्यात शेवटी होत होती म्हणून तो पहिल्यापासून सुरू झाला. "मी आधी पाठवणं थांबवलं, मग लीडला फोन केला, मग कारण शोधलं," असा क्रमही तिने सांगितला. आता ती नोंद प्रत्येक मेसेजनंतर होते. दोन-तीन वर्षांचाच अनुभव होता तिचा, पण ज्या टीममध्ये ती जाईल त्या टीमला रात्री झोप लागेल, एवढी खात्री मला त्या उत्तराने दिली.

आता दुसरी वाट. इथे तर माणसाच्या चुकीचा संबंधच नसतो. १० मार्च २००० रोजी अमेरिकेचा नॅसडॅक निर्देशांक ५ हजारांच्या वर होता. ऑक्टोबर २००२मध्ये तो साधारण ११०० वर आला. त्या काळात आपल्याकडे कॅम्पसमध्ये नोकरी मिळालेली मुलं जॉइनिंगच्या तारखेची वाट बघत घरी बसून होती. २००८मध्ये अमेरिकेतल्या बँका कोसळल्या, तेव्हा पुन्हा तेच. अलीकडे, २०२२नंतरही, तेच. जुलै २०२५मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या घरातली माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, आणि त्यांत मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले लोक होते. पंधरा-वीस वर्षं नोकरी केलेले, मुलं दहावी-बारावीत असलेले, पुण्यात वाकडला किंवा खराडीला फ्लॅट घेऊन हप्ते भरणारे.

यात व्यक्तीचा वाटा काहीच नसतो, असं मी म्हणणार नाही. काही जण खूप वर्षं एकाच साच्यातलं काम करत राहतात. फ्लॅश या वेब तंत्रज्ञानावर अनेकांनी करिअर उभं केलं होतं आणि ३१ डिसेंबर २०२०ला ते अधिकृतपणे बंद झालं. उलट डेटाबेसची एसक्यूएल भाषा १९७०च्या दशकातली आहे आणि आजही रोज लागते. कोणतं अवजार जाईल आणि कोणतं राहील हे सांगता येत नाही, पण डेटा कसा साठतो, नेटवर्क कसं चालतं, मोठा प्रश्न लहान कसा करायचा, हे ज्याला येतं तो नवं अवजार काही महिन्यांत हाती घेतो. आता एआय कोड लिहू लागलं आहे, तेव्हा लिहिलेला कोड बरोबर आहे का हे सांगू शकणाऱ्याची गरज वाढलेली मला दिसते. एवढा वाटा आपला धरावा आणि त्यावर नेटाने काम करावं. व्याजदर, परदेशातल्या ग्राहकाने कापलेलं बजेट, प्रोजेक्ट नसताना बेंचवर किती दिवस ठेवायचं याचा कंपनीचा नियम, हे आपल्या खात्यावर घेऊ नये.

पण आपल्या घरांमध्ये ते घेतलं जातं. नोकरी गेल्यावर रोज सकाळी लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून घराबाहेर पडणारी माणसं या पुण्यात आहेत. कुणी दिवसभर लायब्ररीत बसतं, कुणी मॉलच्या पार्किंगमध्ये गाडीत. आईवडिलांना कसं सांगायचं, नातेवाईक काय म्हणतील, बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असलेल्या आपल्या मुलांची घालमेल आणखी वेगळी. नोकरी सुटली की साधारण साठ दिवसांत दुसरी शोधायची किंवा व्हिसाची दुसरी काही व्यवस्था करायची, नाहीतर परतायचं. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांमध्ये अशा वेळी एकमेकांना जपणारी माणसं आहेत, पण त्यांच्यापर्यंत बातमी पोचली तरच ती धावून येणार. आमच्या धंद्यात दुसरी नोकरी बहुतेक वेळा ओळखीतून, जुन्या सहकाऱ्याच्या एका फोनमधून मिळते. जो लपवतो त्याला तो फोन येत नाही.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पुष्कळ ठिकाणी काढून टाकण्याऐवजी राजीनामा मागितला जातो. त्याच बैठकीत सही करू नका, निदान एक दिवस मागून घ्या. नोटीस पीरियडचा पगार, शिल्लक रजा, पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी, हे सगळं लेखी घ्या आणि कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवा. आईवडील कंपनीच्या आरोग्य विम्यात असतील तर तो नोकरीबरोबर संपतो. तोच विमा वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येईल का, हे शेवटच्या दिवसाच्या आत विचारा, कारण सत्तरीच्या माणसाला नवी पॉलिसी मिळणं कठीण असतं. आणि नोकरीत असतानाच सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला असू द्या.

घरच्या मंडळींना माझी एक विनंती आहे. मुलगा किंवा सून येऊन म्हणाली, की माझी नोकरी गेली, तर "तुलाच का काढलं?" असं विचारू नका. त्याचं खरं उत्तर बहुतेक वेळा त्याला किंवा तिलाही माहीत नसतं आणि काढणाऱ्यालाही धड देता येत नाही. हप्ता किती आहे आणि आपल्याकडे किती महिन्यांची सोय आहे, हे विचारा आणि त्याच संध्याकाळी कागद घेऊन सगळे एकत्र बसा.