अकरा जागा आणि गुणवत्तेची कसोटी



राखीव जागांचा विषय कोठेही निघाला की एक प्रश्न हमखास पुढे येतो. "मग क्रिकेटच्या संघातही राखीव जागा ठेवणार काय?" विचारणाऱ्याला बहुधा उत्तराची अपेक्षा नसते, समोरच्याला निरुत्तर करण्यापुरताच तो प्रश्न असतो. आपले कार्यकर्तेही पुष्कळदा तो हसण्यावारी नेतात किंवा विषय बदलतात. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. टोमण्याला टोमणा म्हणून सोडून न देता तो गंभीर प्रश्न म्हणून तपासला, तर क्रिकेटचा इतिहास टोमणा मारणाऱ्याच्या बाजूने साक्ष देत नाही असे आढळून येईल.

या प्रश्नामागे एक गृहीत दडलेले आहे. क्रिकेटचा संघ पहिल्यापासून निव्वळ गुणवत्तेवर निवडला जात आला आहे, हे ते गृहीत. वस्तुस्थिती काय सांगते? १९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. त्यातील खेळाडूंची निवड करताना सहा पारशी, पाच हिंदू आणि तीन मुसलमान अशी धर्मवार वाटणी झाली होती. संघाचे कर्णधार होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. त्यांचे वय तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. १९३२ साली भारत पहिला कसोटी सामना खेळला, त्या दौऱ्याचे कर्णधारपद पोरबंदरच्या महाराजांकडे होते. त्यांनी आपली मर्यादा ओळखून कसोटीत स्वतःला बाजूला ठेवले आणि कर्नल सी. के. नायडूंना नेतृत्व करू दिले, हा त्यांचा सुज्ञपणा. १९३६ साली तेवढाही सुज्ञपणा दिसला नाही. विजयानगरमचे महाराजकुमार तिन्ही कसोट्यांत कर्णधार राहिले आणि तीन कसोट्यांत मिळून त्यांनी ३३ धावा केल्या. नायडूंसारखा खेळाडू त्यांच्या हाताखाली खेळत होता आणि लाला अमरनाथ यांना पहिल्या कसोटीपूर्वीच दौऱ्यावरून मायदेशी परत पाठवण्यात आले होते.

तेव्हा क्रिकेटमध्ये राखीव जागा नव्हत्या, असे कोण म्हणेल? त्या होत्या, फक्त त्या सिंहासनासाठी आणि थैलीसाठी राखून ठेवलेल्या होत्या, आणि म्हणूनच त्यांना कोणी राखीव जागा म्हणत नसे.

ही केवळ परतंत्र भारताची रीत होती असेही नाही. क्रिकेटची जन्मभूमी असलेल्या इंग्लंडमध्ये पगारी खेळाडू आणि हौशी 'सद्‌गृहस्थ' असा भेद कसोशीने पाळला जात होता. खेळावर पोट भरणारा माणूस कितीही निष्णात असला तरी राष्ट्रीय संघाचे नेतृत्व 'सद्‌गृहस्था'कडेच राहावे, असा संकेत होता. लेन हटन यांच्यासारख्या व्यावसायिक खेळाडूच्या हाती ती सूत्रे येण्यास १९५२ साल उजाडावे लागले, आणि तो भेद कागदावरून पुसला गेला तो १९६२ मध्ये. वेस्ट इंडीजमध्ये तर संघातील बहुसंख्य गुणी खेळाडू कृष्णवर्णीय असताना कर्णधार मात्र गोरा असावयाचा. १९४८ मध्ये जॉर्ज हेडली यांना एका कसोटीपुरते नेतृत्व मिळाले, पण संपूर्ण मालिकेसाठी कृष्णवर्णीय कर्णधार म्हणून फ्रँक वॉरेल यांची नेमणूक १९६० मध्ये झाली. ती आपोआप झाली नाही. सी. एल. आर. जेम्स या मार्क्सवादी विचारवंताने आपल्या वृत्तपत्रातून त्यासाठी जाहीर मोहीम चालवली होती. त्यानंतर वॉरेल यांनी संघाची जी बांधणी केली, ती पाहून विरोधकांनाही गुणवत्तेचा अर्थ नव्याने शिकावा लागला.

आता महाराष्ट्राकडे वळू. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातून आलेले डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यावर खेळपट्टी सारखी करणे, जाळे लावणे ही त्यांची तुटपुंज्या पगाराची नोकरी. साहेबांना सरावासाठी गोलंदाज लागे, म्हणून त्यांच्या हाती चेंडू आला. येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. तासन्‌तास चेंडू टाकणे हे श्रमाचे काम, ते नोकराकडे. बॅट हाती घेणे हा मालकाचा हक्क. म्हणजे कोणाच्या अंगी कोणता गुण वाढावा, हेसुद्धा मैदानाबाहेरच्या श्रमविभागणीने ठरवले होते.

पुण्याच्या हिंदू खेळाडूंना साहेबांवर मात करावयाची होती, तेव्हा त्यांना बाळूंचा चेंडू हवा होता. बाळू मात्र नको होते. मैदानावर त्यांनी बळी घ्यावेत आणि चहाच्या वेळी तंबूबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यातून चहा प्यावा, अशी व्यवस्था होती. पुढे ते मुंबईस आले. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्या संघात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम दोघेही होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात संघाची एकंदर कामगिरी निराशाजनक झाली, पण बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी मिळवले. आकड्यांचीच भाषा बोलावयाची तर त्या काळी त्यांच्या तोडीचा गोलंदाज देशात नव्हता.

असे असूनही हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले नाही. १९२० साली या अन्यायाच्या विरोधात विठ्ठल आणि शिवराम या बंधूंनी संघातून माघार घेतली. लोकमताचा रेटा निर्माण झाला, बंधू परतले आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. अखेर १९२३ साली विठ्ठल पळवणकर हिंदूंचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने स्पर्धा जिंकली. जे गुण १९२३ साली दिसले ते १९१३ साली का दिसले नाहीत? गुण तेव्हाही होतेच. बदलले होते ते पाहणाऱ्यांचे डोळे, आणि ते बदलण्यासाठी दोन खेळाडूंना संघाबाहेर उभे राहण्याची किंमत मोजावी लागली.

या इतिहासावरून अर्थशास्त्राच्या दृष्टीने एक गोष्ट स्पष्ट होते. निवड ही एका दिवशी, एका बंद खोलीत होत नसते. तिच्या तीन पायऱ्या असतात. पहिली पायरी मैदानापर्यंत कोण पोहोचतो ही. त्यासाठी मोकळा वेळ लागतो, पोटभर अन्न लागते, साहित्य घेण्याची ऐपत लागते आणि जवळपास मैदान शिल्लक असावे लागते. दुसरी पायरी, पोहोचलेल्यांपैकी कोणाकडे जाणत्यांचे लक्ष जाते ही. आणि तिसरी पायरी, लक्षात आलेल्यांपैकी कोणाचे नाव यादीत जाते ही. 'गुणवत्ता, गुणवत्ता' असा घोष करणारे केवळ तिसऱ्या पायरीविषयी बोलतात आणि पहिल्या दोन पायऱ्या निसर्गानेच बांधल्या आहेत असे समजतात.

तिसऱ्या पायरीवरही आकडे स्वतः बोलत नाहीत. त्यांना बोलते करणारी माणसे असतात. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी पतौडींच्या जागी अजित वाडेकर कर्णधार झाले ते निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने. त्या एका मताने झालेल्या निवडीनंतर भारताने त्याच वर्षी वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकल्या. २०२५ च्या महिला विश्वचषकासाठी प्रथम निवडलेल्या भारतीय संघात शेफाली वर्माचे नाव नव्हते. सहकारी खेळाडू जायबंदी झाली म्हणून ती आली आणि २ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात ८७ धावा आणि दोन बळी मिळवून सामन्याची मानकरी ठरली. निवड करणारे अज्ञानी होते असा याचा अर्थ नाही. निवड हा अंदाज असतो, आणि अंदाजात करणाऱ्याची दृष्टी मिसळलेली असते, एवढाच अर्थ. म्हणूनच भारतात दीर्घकाळ पाच विभागांचे पाच निवडकर्ते नेमण्याची प्रथा होती. एका विभागाच्या माणसाला दुसऱ्या विभागातील गुण दिसत नाहीत, हे तेथे सर्वांनी बिनतक्रार मान्य केले होते. प्रदेशाच्या बाबतीत जे सहज पटते, ते जातीच्या आणि वर्गाच्या बाबतीत का पटू नये?

आता विरोधकांच्या बाजूने जे सांगता येईल तेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी दक्षिण आफ्रिकेसारखे दुसरे उदाहरण नाही. तेथील अधिकृत संघ वर्णभेदाच्या काळात केवळ गोऱ्यांचा होता. केपटाउनमध्ये जन्मलेल्या बेसिल डॉलिव्हिएरा यांना इंग्लंडमध्ये जाऊन खेळावे लागले, आणि १९६८ साली इंग्लंडच्या संघात त्यांचे नाव आले म्हणून फोर्स्टर सरकारने तो संघच नाकारला. वर्णभेद संपल्यानंतर तेथे निवडीची उद्दिष्टे ठरवण्यात आली. २०१६ साली नियम झाला की हंगामाच्या सरासरीने संघात किमान सहा कृष्णवर्णीय व अन्य गौरेतर खेळाडू असावेत आणि त्यांतील दोन कृष्णवर्णीय आफ्रिकन असावेत.

त्याआधी २०१५ च्या विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात चांगल्या बहरात असलेल्या काइल अ‍ॅबट यांना वगळून व्हर्नन फिलँडर यांना खेळवण्यात आले, सामना हातचा गेला आणि वरून दबाव आल्याचा आरोप झाला. मंडळाने तो नाकारला. आरोप खरा असो वा खोटा, त्याची झळ फिलँडर यांच्यासारख्या सिद्धहस्त गोलंदाजालाही बसली. ऐन वेळच्या कुजबुजीतून होणारा हस्तक्षेप ज्याच्या नावाने होतो त्याचाही अपमान करतो, हा विरोधकांचा मुद्दा रास्तच आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. नियम असेल तर तो आधी जाहीर झालेला, संपूर्ण हंगामाला लागू होणारा आणि सर्वांना तपासता येणारा असावा; त्याची मुख्य गुंतवणूक शाळेत आणि मैदानावर व्हावी. नियमच नको, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

ज्या टेंबा बवुमांना वर्षानुवर्षे 'राखीव जागेवरचा खेळाडू' म्हणून हिणवले गेले, त्यांच्याच नेतृत्वाखाली दक्षिण आफ्रिकेने जून २०२५ मध्ये लॉर्ड्‌सवर ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटी विश्वविजेतेपद मिळवले. चौथ्या डावात मांडीचा स्नायू दुखावलेला असतानाही बवुमांनी ६६ धावा केल्या. दरवाजा उघडल्यामुळे संघ दुबळा होतो, या सिद्धान्ताला याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण आहे.

तेव्हा मित्रहो, यापुढे तो प्रश्न कोणी विचारला, तर विषय बदलण्याचे कारण नाही. शांतपणे सांगावे की क्रिकेटच्या संघात राखीव जागा फार पूर्वीपासून होत्या. त्या राजांसाठी, गोऱ्यांसाठी आणि उच्चवर्णीयांसाठी होत्या, आणि त्यांनी खेळाचे नुकसानच केले. अकराच्या अकरा जागा जातवार वाटून द्याव्यात, असे कोणी म्हणत नाही. मागणी एवढीच आहे की नगरपालिकेचे मैदान बिल्डराच्या घशात जाऊ नये, जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलामुलींच्या हाती साहित्य आणि शिक्षक पोहोचावा, निवड करणाऱ्यांत सर्व थरांतील जाणती माणसे असावीत आणि त्यांनी आपल्या निर्णयाची कारणे लोकांसमोर मांडावीत. ज्यांचा गुणवत्तेवर खरा विश्वास आहे, त्यांनी या मागण्यांना विरोध करण्याचे काहीच कारण नाही. आणि जे विरोध करतील, त्यांना नेमके काय राखून ठेवावयाचे आहे, हे विचारण्याचा हक्क आपला आहे.