दिसते मराठी, साठते भलतेच

खुले मानक म्हणजे कोणालाही वाचता येणारा, कोणालाही फुकट वापरता येणारा आणि एका मालकाच्या मर्जीवर न चालणारा तांत्रिक करार. वेबसाइट अशाच करारांवर उभी असते. पानाचा सांगाडा एचटीएमएलचा, ने-आण एचटीटीपीची, अक्षरे युनिकोडची. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचे मूळ सॉफ्टवेअर सर्वांना विनामूल्य खुले केले. त्यामुळेच आज कोणत्याही तालुक्यातले वाचनालय कोणाची परवानगी न काढता आपले पान जगापुढे मांडू शकते. मराठी संस्थांच्या पदरात हा अधिकार आयता पडला, आणि त्यांतल्या बऱ्याच संस्थांनी तो वाया घालवला. साहित्याच्या व्यासपीठावरून हे बोलले जायला हवे, कारण नुकसान साहित्याचे झाले आहे.

छपाईसाठीच्या जुन्या डीटीपी फॉन्टांत देवनागरीची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली असतात. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ असे टंकले की फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे साठतात. पडद्यावर मराठी दिसते, आत मराठीचा एकही वर्ण नसतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की उरतो तो रोमन अक्षरांचा चिवडा. दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये त्याच क्रमांकांवर वेगळी चित्रे असतात, म्हणून तिथे तोच मजकूर आणखी वेगळ्या तऱ्हेने बिघडतो. पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे दिसते, म्हणून या फॉन्टांत ती व्यंजनाच्या आधी टंकतात आणि आधीच साठते. म्हणजे ‘किरण’ आणि ‘मिरज’ हे दोन्ही शब्द संगणकाच्या लेखी वेलांटीने सुरू होतात! अशा मजकुराची अकारविल्हे सूची लागत नाही, त्यात शोध चालत नाही, आणि अंध वाचकाला तो मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर मुके होते.

एके काळी याला इलाज नव्हता. छापखान्याला कागदावर अक्षर हवे होते आणि ते या फॉन्टांनी दिले, हे त्यांचे श्रेय आहेच. पण विंडोज २००० बरोबर देवनागरी युनिकोड साध्या संगणकात आले. त्यासोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी या मराठी कवी-सुलेखनकाराने घडवलेला होता. त्यानंतर दोन दशके उलटून गेल्यावरही जुन्या फॉन्टात नवा अंक जुळवून घेणाऱ्या संपादकाला अडचणीची सबब उरत नाही. तो हट्ट आहे.

युनिकोड हा अक्षरांना कायमचे क्रमांक देणारा तक्ता आहे. त्यात ‘म’चा क्रमांक २३५० आणि ‘ळ’चा २३५५. पुण्यात, मडगावात किंवा न्यू जर्सीत, कोणत्याही फोनवर तो बदलत नाही. हा तक्ता परक्यांनी लादला, असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की देवनागरीची ही मांडणी इस्की या भारतीय मानकाच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. मराठीची निकडही त्यात आहे. ‘आचार्यांना’ बोलावणे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावणे यांत सगळ्या समारंभाचा फरक पडतो. युनिकोडमध्ये टिंबाचा ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’ या क्रमाने तो फरक कायमचा नोंदला जातो. ‘ॲ’ला मात्र स्वतंत्र क्रमांक मिळायला २००८ साल उजाडले. तोवर कोणी ‘अ’वर चंद्र चढवत होते, कोणी ‘ऍ’वर भागवत होते. त्यामुळे आज ‘ॲप’ शोधणाऱ्याला जुन्या रीतीने टंकलेला शब्द सापडेलच असे नाही. हा मानकाचा दोष आहे आणि तो झाकू नये. पण खुल्या मानकाचा दोष कोणालाही दाखवता येतो, दुरुस्तीचा प्रस्ताव कोणालाही पाठवता येतो, आणि पुढची आवृत्ती निघते. बंद फॉन्टच्या दोषासाठी मालकाचे दार ठोठावण्यापलीकडे काही हाती नसते. ऱ्हस्व-दीर्घावर आयुष्य वेचणाऱ्या भाषाप्रेमींनी या तक्त्याकडे ‘तंत्रज्ञांचे काम’ म्हणून पाठ फिरवणे ही कर्तव्यातली कसूर आहे.

भारत सरकारने २००९ मध्ये युनिकोडला ई-प्रशासनाचे अक्षरमानक ठरवले आणि २०१० मध्ये खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. तरीही टंकलेल्या परिपत्रकाचा कागद छापून, त्यावर सही घेऊन, त्याचे स्कॅन केलेले चित्र संकेतस्थळावर टाकण्याची सवय सुटलेली नाही. यात पीडीएफचा अपराध नाही. तेही २००८ पासून आयएसओचे मानक आहे. अपराध आहे तो मजकुराचा फोटो काढून त्याला प्रकाशन म्हणण्याचा.

वेबसाइट चालवण्यात सर्वांत दुर्लक्षित काम जपणुकीचे. डोमेनचे नाव कायमचे विकत मिळत नाही, ते मुदतीने घ्यावे लागते. जुने कार्यकारी मंडळ गेले, नूतनीकरण राहिले, की संस्थेच्या पत्त्यावर दुसराच कोणी दुकान थाटतो. पानांचे पत्ते बदलू नयेत, हे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावले होते. इथे मात्र दर नव्या सजावटीबरोबर जुने दुवे मोडतात. यावर उपाय म्हणून समाजमाध्यमावर पान उघडणे म्हणजे स्वतःचे घर सोडून दुसऱ्याच्या ओसरीवर बिऱ्हाड मांडणे होय. तिथे काय दिसेल, किती जणांना दिसेल आणि उद्या दिसेल की नाही, हे ओसरीचा मालक ठरवतो.

खर्चाची सबब टिकत नाही. साध्या एचटीएमएल पानांना नाममात्र जागा पुरते, सुरक्षा प्रमाणपत्र विनामूल्य मिळते, आणि मुक्त, बलू यांसारखे खुल्या परवान्याचे उत्तम देवनागरी फॉन्ट मुंबईतच तयार झाले आहेत. युनिकोडच्या प्रचलित साठवणीत देवनागरीचे एक अक्षरचिन्ह तीन बाइट खाते, ही तक्रार खरी आहे. पण एका फोटोच्या जागेत अख्खी कादंबरी मावते.

ज्या नियतकालिकांचे जुने अंक अजून डीटीपीच्या फाइलींत पडून आहेत, त्यांनी ते फॉन्ट उघडणारा एक तरी संगणक चालू आहे तोवर त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे. रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार चुकतात, म्हणून मुद्रितशोधकाला त्याचे मानधन द्यावे, आणि हे काम याच वर्षीच्या अंदाजपत्रकात धरावे.